चि. अर्ज आणि चि. सौ. कां. मंजुरी

मच्छिंद्र सातपुत्याला आनंद झाला की तो गप्प बसत नसे, आणि काळजी लागली तरी गप्प बसत नसे. नगरला माळीवाड्याच्या एसटी स्टँडमागे गोरक्षशेठचा छापखाना होता, तिथे तो जुळारी होता. शिशाचे खिळे खणांतून वेचायचे, अक्षराला अक्षर लावून ओळ बांधायची आणि ओळींचं पान करायचं, हे त्याचं काम. केडगावहून सायकल मारत यायचा तो दारात पाय टेकायच्या आधीच बोलायला लागलेला असायचा. हात मात्र तोंडापेक्षा वेगानं चालत, म्हणून शेठ त्याला सांभाळून घेत.

छापखाना लग्नपत्रिकांचा. ‘निम्म्या जिल्ह्याची लग्नं आपन लावलीत,’ असं मच्छिंद्र चहाच्या टपरीवर बेधडक सांगायचा आणि ते अगदीच खोटं नव्हतं. गणपतीचा ठसा कुठे बसवायचा, मामांची नावं लांबली तर कुणाला कुठे सरकवायचं म्हणजे रुसवे होणार नाहीत, ओल्या शाईवर सोनेरी भुकटी कशी भुरभुरायची, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण पत्रिकेचं आयुष्य ते केवढं? लग्न लागलं की तिच्यात कुणी शेंगदाणे बांधतो, कुणी तिची गुंडाळी करून कान कोरतो. मच्छिंद्रला याचा फार राग यायचा. त्याला एकदा तरी पुस्तक करायचं होतं. पुस्तक फळीवर राहतं. कुणी लिहिलं, कुणी छापलं, मुखपृष्ठ कुणाचं, ही नावंसुद्धा त्याच्या आतल्या पानावर राहतात. इतक्या नवरानवरींची नावं जुळवलेल्या या माणसाचं स्वतःचं नाव कधी कुठे छापलं गेलं नव्हतं. त्याच्या लग्नाचं आवतण घरोघर अक्षता देऊन गेलं होतं, पत्रिकेची भानगडच नव्हती.

त्र्याहत्तरचा उन्हाळा आला आणि दुष्काळानं लग्नं लांबणीवर पडली. माणसं खडी फोडायला जात होती, मांडव कोण घालणार? छापखान्यात शेठ आणि ट्रेडल मशीन चालवणारा पुंजाराम समोरासमोर बसून माश्या मारू लागले. अशात पाथर्डीहून रंभाजी गर्जे नावाचे गृहस्थ काखेत कागदांचं बाड मारून आले आणि पुस्तक छापायचं आहे म्हणाले. शेठनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली.

रंभाजीराव मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी त्यांनी लोकांचे अर्ज पुढच्या टेबलावर पाठवण्यात घालवली होती, आणि पेन्शन सुरू झाल्याबरोबर बैठक मारून त्याच कचेरीची यथेच्छ टिंगल लिहून काढली होती. पुस्तकाचं नाव ‘सविनय फेरसादर’. एक शेतकरी विहिरीसाठी अर्ज करतो, अर्ज टेबलामागून टेबल हिंडत राहतो, आणि मंजुरी मिळायच्या आत अर्जदार म्हातारा होऊन मरतो, एवढीच गोष्ट. पण ती जुळवताना मच्छिंद्र इतका हसायचा की हातातले खिळे सांडायचे आणि पुंजाराम पुटपुटत ते गोळा करायचा.

आतलं पुस्तक निम्मं जुळून झालं तेव्हा शेठ म्हणाले, मुखपृष्ठ आपण पुण्याहून एखाद्या चित्रकाराकडून करून घेऊ. मच्छिंद्रचे हात थांबले.

“शेठ, पुस्तक आपलं, आतली अक्षरं आपली, आन त्वांड पुन्याचं?”

शेठ म्हणाले, तुला पत्रिकेपलीकडे काय येतं? त्यांनी ते सहज म्हटलं होतं, पण मच्छिंद्रला झोंबलं. तो त्यांच्या हात धुवून मागे लागला. टेबलापाशी गेला, दाराशी गेला, ते जेवायला बसले तिथेही गेला. शेवटी वैतागून शेठनी मुदत दिली. महिनाअखेरच्या शनिवारी ते कागद आणायला पुण्याला जाणार होते. त्याच्या आत मच्छिंद्रनं केलेलं मुखपृष्ठ रंभाजीरावांनी पास केलं, तर तेच छापायचं आणि आतल्या पानावर मच्छिंद्रचं नाव घालायचं. नाही केलं, तर शनिवारी काम पुण्याला जाणार.

मच्छिंद्रला आकाश ठेंगणं झालं. त्या दिवशी केडगावपर्यंतच्या रस्त्यात जो भेटला त्याला त्याने सायकलवरून उतरून सांगितलं की आपण पुस्तकाचं तोंड रंगवतोय.

पहिल्यांदा त्याने खुर्चीवर बसलेलं कासव काढलं. पाथर्डीच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर ते रंभाजीरावांकडे पाठवलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ते परत आलं. समासात लाल पेन्सिलीने शेरा होता, ‘कासव कोणत्या खात्याचे? खुलासा व्हावा.’ मग त्याने कागदांच्या गठ्ठ्याला बांधलेली लाल फीत काढली. तीही परत आली. ‘फीत शाळकरी मुलीच्या वेणीची दिसते. फेरसादर करावे.’ माणूस काही दुष्ट नव्हता. कागद हातात आला की त्यावर शेरा मारल्याशिवाय त्याला तो खाली ठेवताच येत नसे, इतकंच. पण मच्छिंद्रचा भडका उडाला. कचेरीवर पुस्तक लिहून हे भाऊसाहेब अजून कचेरीतच बसलेत, असं तो पुंजारामला दिवसभर ऐकवत राहिला. पुंजाराम हं म्हणत मशीनला तेल घालत होता.

शनिवार जवळ येत चालला. त्यातच छापखान्यात खिळे कमी पडायला लागले. छापखाना लहान, खिळे बेताचे. मागच्या फळीवर एका पत्रिकेचा जुळवलेला मजकूर सुतळीने बांधून ठेवला होता. वाळकीकडची मंडळी होती. सगळं जुळवून झालं आणि घरचे म्हणाले, पाऊस झाल्यावर बघू, तारीख तेवढी मोकळी ठेवा, पण मोडू नका. आता तो मोडून खिळे घेण्यावाचून इलाज नव्हता. मच्छिंद्रने सुतळी सोडायला घेतली आणि सवयीने उलटी अक्षरं वाचली. वर चिरंजीव, खाली चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, आणि मुहूर्तापुढे मोकळी जागा.

“आयला,” तो म्हणाला. “ह्यो अर्जच हाय की.”

पुंजारामने मान वर केली.

“पुंजाराम, अर्ज कोन? तो अर्ज. मंजुरी कोन? ती मंजुरी. नवरा हाय, नवरी हाय, आन तारीख न्हाई.”

आणि मग त्याला जो चेव चढला तो चढलाच. त्याने वाळकीवाल्यांची सुतळी जशीच्या तशी परत बांधली आणि पत्रिकांच्या नक्षीदार अक्षरांच्या खणांतून खिळे उपसायला सुरुवात केली. जेवायचा डबा तसाच राहिला. जुळवत होता, स्वतःशी हसत होता, मोडत होता, पुन्हा जुळवत होता. गणपतीशिवाय पत्रिका सुरू करायची त्याची छाती नव्हती, तेव्हा गणपतीचा ठसा वर बसलाच. त्याच्या खाली कुलदैवताच्या जागी ‘श्री साहेब प्रसन्न’. मग वेलबुट्टीच्या चौकटीत पुस्तकाचं नाव आणि त्याखाली ‘चि. अर्ज, कै. अर्जदार यांचे ज्येष्ठ चिरंजीव’. हे झालं पुढचं पान. मागच्या पानावर तसल्याच चौकटीत ‘चि. सौ. कां. मंजुरी, रा. रा. मामलेदार कचेरी यांची एकुलती एक कन्या’. मुहूर्त : यथावकाश कळविण्यात येईल. विवाहस्थळ : पुढचे टेबल. आपले नम्र म्हणून शिरस्तेदार, अव्वल कारकून, बारनिशी कारकून आणि पट्टेवाला अशी ओळीने सगळी कचेरी, निमंत्रक रंभाजी गर्जे, आणि सगळ्यात तळाला बारीक अक्षरात, ‘आहेर आणावाच, ही आग्रहाची विनंती.’

शेठना त्याने ठसा काढून दाखवला. शेठ गंभीर चेहऱ्याने वाचत गेले आणि ‘कै. अर्जदार’पाशी येऊन त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, सगळं खरं, पण नवरा पुढच्या पानावर आणि नवरी मागच्या पानावर, हे कुठलं लग्न? दोघं शेजारी नकोत?

मच्छिंद्र याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने पुस्तकाची छापून झालेली पानं उचलली, मुखपृष्ठाचा कागद त्यांच्याभोवती गुंडाळला आणि शेठच्या डोळ्यांसमोर उभा धरला.

“ह्ये बगा शेठ. हिकडून नवरा, तिकडून नवरी. आन मधी ह्यो सगळा अंतरपाट.”

शेठ बघत राहिले. सबंध पुस्तक त्या दोघांच्या मधे उभं होतं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पुढून पाहिलं, उलटून मागून पाहिलं, आणि मग व्यापाऱ्यासारखे म्हणाले की पुस्तकाला पत्रिका घातली तर लोक विचारतील कुणाचं लग्न आहे. तरी रंभाजीरावांनी पास केलं तर आपली ना नाही. मच्छिंद्रला तेवढं पुरे होतं. त्याने एका चांगल्या कागदावर शेंदरी शाईत ठसा काढला, वर सोनेरी भुकटी भुरभुरली, मधोमध घडी घातली आणि दुपारच्या पाथर्डी गाडीच्या कंडक्टरच्या हातात स्वतः नेऊन दिला. जपून न्या, आत जोखीम आहे, असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काही आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. एरवी शेरा मारल्याशिवाय एक दिवस न राहणारा माणूस गप्प बसला होता. पाथर्डीची गाडी लागायच्या वेळेला मच्छिंद्र हातातली ओळ तशीच टाकून स्टँडवर पळायचा. कंडक्टर म्हणाला, मी घरी नेऊन दिलंय, बाईंच्या हातात. मग मच्छिंद्रच्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. भाऊसाहेबांना राग आला असेल. आपल्या पुस्तकाची थट्टा केली असं वाटलं असेल. ‘आपले नम्र’मध्ये अव्वल कारकून घातला तेच चुकलं असेल. गुरुवारी त्याने ती ओळ काढली, शुक्रवारी परत घातली.

शनिवारी सकाळी शेठनी पुण्याला न्यायची पिशवी भरली. बाडातला मजकूर वर ठेवला, चित्रकाराला दाखवायला. मच्छिंद्र कोपऱ्यात खिळे जुळवत होता आणि एक शब्द बोलत नव्हता. पुंजारामने येऊन त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून. शेठनाही कसंतरी वाटत असावं, कारण भरलेली पिशवी ते पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. अखेर त्यांनी टोपी घातली आणि ते पायरी उतरायला लागले, तेवढ्यात समोरून रंभाजीराव आले. मागे त्यांच्या मंडळी, छबूबाई, डोक्यावरचा पदर सावरत, हातात कापडी पिशवी, ठेवणीतलं लुगडं नेसून आलेल्या.

रंभाजीराव काही बोलायला गेले आणि त्यांना हसूच फुटलं. खुर्चीत बसले तरी हसत होते. छबूबाई फुगून उभ्या होत्या. हळूहळू उलगडा झाला तो असा. कागद पोचला तेव्हा रंभाजीराव शेवगावला लेकीकडे गेले होते. छबूबाईंना वाचता येत नव्हतं, पण गणपती ओळखता येत होता. वेलबुट्टी, सोनेरी अक्षरं, उघडलं की शेजारी शेजारी दोन नावं. ही पत्रिका नाही तर काय? त्यांनी ती देवापुढे ठेवली, पेटीतून आहेर काढून ठेवला, आणि नवरा शुक्रवारी संध्याकाळी घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच विचारलं की लग्न कुणाकडचं आहे आणि निघायचं कधी.

“आन हे नुसते हसत्यात,” छबूबाई म्हणाल्या. “मला वाटलं ह्यांना उन्ह लागलं.”

रंभाजीरावांनी खिशातून कागद काढून टेबलावर उलगडला. मच्छिंद्र पुढे झाला. त्याच्या शेंदरी-सोनेरी कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं उठली होती.

“हे म्या लावलं,” छबूबाई म्हणाल्या. “पत्रिका धाडली, पन कोपऱ्याला कुंकूच न्हाई. म्हनलं, लगीनघाईत इसरली असत्याल बिचारी. बिनकुंकवाची कशी ठिवायची देवापुढं?”

“मावशी,” मच्छिंद्र म्हणाला, “लई झ्याक झालं ह्ये. ह्ये कोपरं आता असंच छापायचं.”

रंभाजीराव शेठना सांगत होते की आपण तो कागद वाचला आणि शेरा मारायला पेन्सिल काढली, पण शेरा काय मारणार? बायकोनं देवापुढे ठेवलेल्या कागदावर खुलासा कुणाकडे मागायचा? नुसता कागद होता तेव्हा दोघांचं लग्न लागत होतं, म्हणाले, मधे माझं पुस्तक आलं की मोडतंय, आणि मी सगळी नोकरी नेमका हाच धंदा केला. ते हसत होते, पण चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. शेठनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि पुंजारामला चहा सांगायला पिटाळलं.

छबूबाईंना या बोलण्यात रस नव्हता. त्यांनी पिशवीतून नवा टॉवेल आणि पांढरी टोपी काढली आणि मच्छिंद्रपुढे धरली. तो मागे सरकला. मला कशाला, असं तो म्हणत होता.

“लगीन जमवनाऱ्याचा मान असतो,” त्या म्हणाल्या. “आन काढल्याला आहेर पेटीत परत जात न्हाई. घाल.”

मच्छिंद्रने शाईचे हात धोतराला पुसले आणि टोपी घातली. ती जरा मोठी होत होती. त्याला बोलायचं तर खूप होतं, पण एकही शब्द बाहेर येईना, आणि पुंजाराम चहाचे ग्लास हातात घेऊन दारात उभा राहून हे नवल बघत होता.

मग रंभाजीरावांनी लाल पेन्सिल काढली. सवयच ती. कागद पुढे ओढला, समासात बारीक अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं, “मुखपृष्ठ व मांडणी करणाराचे नाव दिसत नाही. घालावे.” शेठ म्हणाले, ते तर ठरलेलंच आहे, भाऊसाहेब, आता पास म्हणून तेवढं लिहा. रंभाजीरावांनी खाली ‘मंजु’ एवढं लिहिलं आणि पेन्सिल थांबली.

मच्छिंद्रला उलटी अक्षरं वाचायची सवय, टेबलाच्या पलीकडून त्याला सगळं दिसत होतं. जु ऱ्हस्व पडला होता. ‘मंजुरीस्तव सादर’चा जु. हात त्याच वाटेने निघाला होता. अव्वल कारकुनाने कागद मंजुरीला वर पाठवायचा असतो, मंजूर करणारा साहेब वेगळा.

रंभाजीरावांनी मान वर करून एकदा शेठकडे पाहिलं, एकदा मच्छिंद्रकडे. मग छबूबाईंकडेही पाहिलं.

“कुनाकडं धाडू?” त्यांनी विचारलं.

“वर कुनीच न्हाई, भाऊसाहेब,” मच्छिंद्र म्हणाला. “पुस्तक तुमचंच हाय.”

त्यांनी पेन्सिल पुन्हा टेकवली, ऱ्हस्व उकाराचा दीर्घ केला, पुढे र काढला. खाली सही केली. आणि मग कागद जरा लांब धरून ते त्या शब्दाकडे बघत बसले.

“सगळी नोकरी गेली ह्याच्यासाठी कागद वर धाडन्यात,” ते म्हणाले. कचेरीची भाषा गळून घरची बोली आली होती. “आन बग की छबू, तीनच अक्षरं हुती.”

छबूबाई वाकून बघायला लागल्या. त्यांना अक्षरं कळत नव्हती, पण लाल रंग चांगला उठलाय म्हणाल्या.

मच्छिंद्र तिथे थांबला नाही. तो नवी टोपी सावरत खणांपाशी गेला होता, तोंडाची टकळी पुन्हा सुरू झाली होती, चारही कोपऱ्यांना कुंकवाचा ठसा, ‘मंजूर’चा ब्लॉक करून तो मोकळ्या मुहूर्ताशेजारी लाल शाईत, आणि भुकटी जरा जास्तच, शेठ, कंजूषपणा करू नका, असं बरंच काही चाललं होतं. हातात जुळणीची पट्टी घेऊन त्याने आतल्या पानाची ओळ लावायला घेतली. मुखपृष्ठ व मांडणी, एवढं भराभर झालं. मग म लागला आणि हात अडला. च्छिं कुठल्याच खणात नव्हता. अख्ख्या जिल्ह्याची नावं जुळवली, त्यात कुणी मच्छिंद्र आला की तुकडे जोडून भागवलं, पण आपलंच अक्षर छापखान्यात नाही, हे त्याला आज टोचत होतं.

“पुंजाराम,” तो ओरडला, “अर्धा च आन छ घिऊन ये. जोडून घालू.”